आतल्या खोलीतली लाईन

तारेची दोन टोकं तो जिभेला लावून बघायचा. टेलिफोनचे लाईनमन तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील, कानाला तपासणीचा फोन धरून खांबाला टेकलेले. तसला फोन ह्याच्याही कमरेला लटकायचा, पण ह्याचा विश्वास जिभेवर. दातांनी तारेवरचं प्लास्टिक सोलायचं, तांब्याची टोकं जिभेच्या शेंड्याला टेकवायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. आंबट खाल्ल्यासारखं तोंड व्हायचं. मग म्हणायचा, "जीव आसा."

म्हणजे लाईन चालू आहे. लाईन मेलेली असली तर तो काहीच बोलायचा नाही. तार बोटांत धरून तिच्याकडे बघत राहायचा.

मी एकदा विचारलं, "आणि नेमकी त्याच वक्ताक कोणी घंटी मारली तर रे?"

"तर वायच तिखट लागता, तात्यानू."

मला हसू आलं नाही. मला विजेचं भय आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आता लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो. माझा काका भर दुपारी होडीत उभा होता, हातात वल्हं. मी सात वर्षांचा, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर बसलेला. उजेड झाला, आवाज झाला, आणि काका उभाच होता, पण तो काका नव्हता. तेव्हापासून आभाळ गुरगुरलं की मी हातातलं काम टाकून छपराखाली जातो. शिकलो दुसरीपर्यंत, पण पन्नास वर्षं समुद्रावर काढली आणि कोणापुढे मान वाकवली नाही. वाडीत सगळे म्हणतात, तात्या कोणाला भीत नाही. मी म्हणू देतो.

तो लाईनमन आमच्या घरी आला तो माझ्या मुलीमुळे. ती मस्कतला नर्स. तिनं पैसे पाठवून कॉम्प्युटर घ्यायला लावला, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट बसवायला लावलं. म्हणाली, "बाबा, तुमचां तोंड तरी दिसात." खरं कारण माझं तोंड नव्हतं. तिला तिच्या भावाचं तोंड बघायचं होतं.

महेश माझा एकुलता झील. ट्रॉलरवर खलाशी होता, वर्षा-दोन वर्षांत तांडेल, म्हणजे बोटीवरचा पुढारी, झाला असता. दोन हजार आठच्या हंगामात जाळं ओढताना दोर पायात गुंतला आणि यंत्रानं दोरासकट पाय ओढला. गोव्याच्या इस्पितळात उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. घरी आणला आणि आतल्या खोलीत झोपवला. तो तिथेच राहिला. कुबड्या दारामागे टेकवल्या होत्या, त्यांना हात नाही. नकली पायाचं माप द्यायला जाऊया म्हटलं की भिंतीकडे तोंड. मित्र आले, दोनदा आले, तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. जेवायचा तेवढंच. बोलायचा नाही. सात महिने त्या खोलीतून खोकल्याशिवाय आवाज आला नाही.

आमची विहीर मागच्या दारापासून वीस पावलांवर. एक दिवस मी जुन्या होडीच्या फळ्या आणून तिच्यावर घातल्या.

बायको म्हणाली, "फळये कित्याक घातल्यात?"

"माडाची पाना पडतत पाण्यात."

"आदी पडत नाय होती?"

मी शेवटची फळी सरकवून बसवली.  त्या रात्रीपासून मागच्या दाराला ती आतून कुलूप लावायला लागली, आणि किल्ली पदराला बांधून झोपायला लागली.

अशा घरात तो लाईनमन आला. पन्नाशी ओलांडलेला, काडीसारखा, खाकी शर्टाची वरची दोन बटणं तुटलेली, खांद्यावर काळ्या तारेचं भेंडोळं. मूळचा पिंगुळीचा, नोकरीसाठी मालवणात खोली घेऊन एकटा राहायचा. बायको गावी. पडवीत फोनशेजारी त्यानं पांढरा डबा बसवला, चार दिवे लागले, जीभ लावायची गरज नव्हती तरी लावून घेतली. मग माजघरात कॉम्प्युटरपुढे बसला आणि बसूनच राहिला. मी डोकावलो तर पडद्यावर बंदूक, आणि हा गोळ्या घालतोय.

"ह्या काय चल्ला हा?"

"लाईन तपासतंय."

हे त्याचं दुसरं ठरलेलं बोलणं. पुढे कळलं, तारकर्लीच्या लॉजपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत जिथे म्हणून इंटरनेट बसवलं तिथे त्यानं अशीच लाईन तपासली होती. मास्तरांच्या बायकोनं तर एकदा त्याला चहा देणंच बंद केलं, कारण चहा दिला की तपासणी लांबायची.

मी त्याला उठवणार एवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. "भायर कोण गोळये घालता?"

बायकोच्या हातातलं ताट खाली पडलं. ते गोल फिरत राहिलं आणि आम्ही दोघं ते थांबायची वाट बघत उभे.

लाईनमनाला आमच्या घरातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं खेळता खेळताच ओरडून उत्तर दिलं, "मी घालतंय, पण लागाक नाय एक पण! कोण रे तू? येतस काय?"

"माका येवक होवचा नाय."

"मगे मी येतंय." आणि तो उठून आत गेला. एक पाय नसलेला माणूस खाटेवर बघून आमच्याकडे येणारा प्रत्येकजण आधी गप्प व्हायचा, मग हळहळायचा. ह्यानं खाटेशेजारच्या भिंतीवर बोटं आपटून पाहिली आणि म्हणाला, "चिरो. जाड आसा. हय सिग्नल मरतलो." मग मला हाक मारली, "तात्यानू, हेच्यासाठी दुसरो डबो लागतलो."

माझ्या घरात काय लागेल ते मी ठरवतो, असं मी त्याला सुनावलं. तो "बरां" म्हणाला आणि चौथ्या दिवशी डबा घेऊन आला. एका बंद पडलेल्या लॉजनं टाकून दिलेला, काळा, एक शिंग मोडलेला. शिंगाच्या जागी त्यानं तांब्याची तार गुंडाळली होती. वाशांवरून पिवळी वायर ओढत, चुलीच्या धुराड्याशेजारून, तीन भिंती ओलांडून त्यानं ती आतल्या खोलीत नेली. कॉम्प्युटरही उचलून आत नेला. पडवीतल्या डब्याला तो थोरला म्हणायचा, ह्याला धाकटा.

मी विचारलं, एक डबा असताना दुसऱ्याचं काम काय?

"तुमच्या बागेत पाण्याचे पाट आसत ना? ह्यां तसांच. थोरल्याचा डोक्या मंद. सगळ्यांका सारख्या पाणी सोडता. धाकल्याक मी शिकवलंय, खेळाची वाट आदी, चेडवाच्या गजाली मागसून."

"माझां चेडू मस्कतवरसून बोलता आणि ता मागसून?"

"तात्यानू, गजालीत घडीभर उशीर झालो तर कोण मरत नाय. खेळात मरता."

मग तो आणखी सांगत होता, की टेलिफोन हापिसाला नाव आणि खुणेचा शब्द सांगून लाईन उघडायचं कामही आता धाकट्याकडे दिलंय, थोरला नुसता दाराशी बसलेला, धाकटा बिघडला तर सगळंच बंद. मी ऐकलं नाही. माझ्यापेक्षा लहान माणूस मला शिकवायला लागला की माझे कान आपोआप बंद होतात.

पहिले आठ दिवस मी जळलो. जवान पोरगा दिवसभर माणसं मारतोय, कानाला यंत्र लावून ओरडतोय, ही काय दवा झाली? पण नवव्या दिवशी तो हसला. मोठ्यानं. मी तेव्हा पडवीत जाळं तुणत होतो. सुई हातात तशीच राहिली.

त्यांची पाच जणांची टोळी होती. एक नाशिकचा, एक बेळगावचा, एक कुठला तरी लांबचा, ज्याचं हिंदी बाकीच्यांना कळत नसे. चौथा महेश. आणि पाचवा हा लाईनमन, ड्यूटी संपवून मालवणच्या खोलीवरून खेळायचा. पाचात सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात आधी मरणारा. भिंतीपलीकडून मला महेश ऐकू यायचा, "लाईनमन, मागे बघा! मागे बघा मरे! गेले. परत गेले!" टोळीचा पुढारी महेशच. लाईनमन त्याला "तांडेला" म्हणायचा. माझ्या मुलाला समुद्रानं जे नाकारलं ते ह्या माणसानं असं सहज देऊन टाकलं होतं. मी ते ऐकायचो, आणि ऐकलं नाही असं दाखवायचो.

पण भय गेलं नाही. त्यानं फक्त जागा बदलली. आधी मला त्या खोलीतल्या शांततेची सवय झाली होती. आता आवाजाची झाली, आणि आवाज थांबला की माझी सुई थांबायची. वीज गेली, लाईन गेली, की मी काहीतरी निमित्त काढून दाराशी जायचो. कान लावायचो. खोकला ऐकू आला की परत यायचो. विहिरीवरच्या फळ्या मी काढल्या नव्हत्या.

आणि आभाळ. आमच्याकडे रिवाज आहे, गडगडलं की फोनची तार भिंतीतून उपटायची. विजेचा लोळ तारेवरून घरात येतो. लाईनमननंही तेच सांगितलं होतं, त्या एका बाबतीत आमचं जमायचं. महेश चिडायचा, मधेच तार काढली की त्याचे सोबती तिकडे मरायचे. मी ऐकायचो नाही.

आता तो दिवस सांगतो.

परतीचा पाऊस चालू होता. सकाळी ऊन, तिसऱ्या प्रहरी समुद्राकडून काळं व्हायचं. त्या दिवशी पाच वाजता त्यांचा मोठा सामना होता, दुसऱ्या कुठल्या टोळीशी. महेशनं सकाळी उठून आरसा मागितला. दाढी केली. बायकोनं मला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि कुजबुजली, "दाढी केल्यान." एवढंच म्हणाली आणि घावणे करायला बसली. जेवून तो झोपला, संध्याकाळी ताजं राहावं म्हणून. बायको शेजारी गेली.

तीनच्या सुमारास गडगडलं. मी पडवीतली फोनची तार उपटली. मग आत गेलो, महेश झोपलेला, धाकट्याकडे बघितलं तर त्याच्या पाठीवर मुंग्यांची रांग. पावसात त्यांना गरम जागा लागते. अंडी तोंडात धरून त्या डब्याच्या भोकाभोकांतून आत जात होत्या. हे आधीही एकदा झालं होतं. लाईनमननं डबा जमिनीवर हलकेच आपटून मुंग्या पाडल्या होत्या आणि मला बजावलं होतं, "बाकी कशाक हात लावू नकात."

पण आपटला तर महेश जागा होईल. मी गळ आणला. सुरमईचा नाही, बारीक, किनाऱ्यावरून हातानं मासे गरवायचा. मुंग्या सगळ्यात जास्त एका टाचणीएवढ्या भोकात घुसत होत्या, म्हणून मी गळाचं टोक त्या भोकात घातलं. आत काहीतरी टिचकन दबलं. मला वाटलं अंड्यांचा गठ्ठा. मी दाबून धरला, मुंग्या भराभर बाहेर आल्या. धाकट्याचे दिवे एकदम विझले, मग एकेक करून लागले. मी समाधानानं गळ माजघराच्या खांबात खोचला, जिथे नेहमी खोचतो.

चार वाजता आभाळ जरा उघडलं. तार परत लावली. दोन्ही डब्यांचे दिवे लागले, हिरवे.

साडेचारला महेश उठून बसला. थोड्या वेळानं हाक आली. "बाबा, लाईन नाय."

"असतली. दिवे आसत."

"दिवे आसत, पण लाईन नाय. तुमी काय केल्यात?"

"माका काय करूचा हा? तार काढलंय, तार घातलंय. रोजचाच."

मी खोटं बोललो असं तेव्हा मला वाटलं नाही. मुंग्या काढणं म्हणजे काही करणं नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. पण महेशनं माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे, मग घड्याळाकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू इस्पितळातला झाला. तोच चेहरा. कानाचं यंत्र काढून त्यानं उशीशेजारी ठेवलं. भिंतीकडे वळला. दाढी केलेला गाल चिऱ्याला टेकलेला.

 मी पडवीत येऊन लाईनमनाला फोन लावला.

"फोन लागता मगे लाईन जित्ती आसा," तो म्हणाला. "घरात कोणी हात लावलो?"

"नाय."

"नक्की, तात्यानू?"

"माझ्यार विश्वास नाय तुझो?"

 "मगे पाणंदीकडच्या खांबावरच्या पेटीत पाणी शिराला असतला. येतंय. आमचो सामनो आसा पाचाक."

वीस मिनिटांत आला. घरात आला नाही, सायकल पाणंदीत टाकून सरळ खांबाशी गेला. आमच्या पडवीतून तो खांब दिसतो, शंभरेक पावलं, लोखंडी, मोकळ्या भातशेताच्या कडेला. तो चढायला लागला आणि समुद्राकडून परत गुरगुर ऐकू आली.

तेव्हा मला कळलं. त्या टिचकन आवाजाचं आणि विझलेल्या दिव्यांचं. पूर्ण नाही, पण एवढं कळलं की दोष त्या खांबावर नाही. दोष माझ्या खांबावर खोचलेला आहे. हाक मारायला हवी होती. "उतर रे खाली, मीच काहीतरी बिघडवलंय." एवढे सहा शब्द.  सत्तर वर्षांच्या माणसानं भातशेतात उभं राहून ते ओरडायचं आणि ते महेशला ऐकू जायचं, हे माझ्यानं होईना. मी ठरवलं, आधी महेशला बघून येतो, मग सांगतो. असं ठरवणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तुम्हीच म्हणा.

खाट रिकामी होती.

दारामागे कुबड्या नव्हत्या. मागचं दार सताड उघडं.

मी किती पावलांत विहिरीवर पोचलो ते मला सांगता येणार नाही. फळ्या जागेवर होत्या. जागेवर आहेत हे डोळ्यांना दिसत होतं तरी मी एक उचलून फेकली, आडवा पडून आत बघितलं. काळं पाणी, आणि त्यात माझंच डोकं. "महेशा!" म्हणून ओरडलो, ते खालून परत आलं.

मग पाणंदीकडून आवाज ऐकू आला. "उतरा! सोडा ती तार! मागे बघा, लाईनमन, मागे!"

मी धावलो. खांबाच्या पायथ्याशी महेश उभा. एक कुबडी काखेत, एक चिखलात पडलेली, रिकामी पँट ओली होऊन चिकटलेली. मान वर करून ओरडत होता. खिडकीतून त्याला खांब दिसला होता आणि खांबामागचं आभाळही. वर लाईनमन पेटी उघडून बसलेला, तोंडात तार, आणि त्याच्या पाठीमागे खाडीवरून काळी भिंत चालत येत होती.

"दोन मिनटा, तांडेला! जीव आसा, मगे खंय अडाकला ता बघतंय!"

"मरतलास! उतरा म्हणतंय ना!"

मीही ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण ते सहा शब्द नक्की नव्हते.

बहुतेक महेशच्या आवाजात काहीतरी असावं, खेळात असायचं त्याहून वेगळं. लाईनमननं तार सोडली आणि पायऱ्या न बघता खांबाला मिठी मारून घसरत खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागले आणि सगळं पांढरं झालं. आवाज आला तो कानात नाही, छातीत आला. डोळे उघडले तेव्हा आम्ही तिघंही चिखलात होतो, आणि शेतापलीकडच्या दाभोळकरांच्या माडाचा शेंडा पेटलेला होता, पावसात.

लाईनमन दोन्ही मुठींत चिखल धरून बसला होता. ज्यानं जन्मभर तारा जिभेला लावल्या त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेला पाहिला. महेशनं त्याची कॉलर धरली. "खेळासाठी मरतास काय तुमी? खेळासाठी?"

लाईनमननं त्याच्याकडे बघितलं. मग त्या कुबडीकडे. मग घरापासून तिथपर्यंत चिखलात उमटलेल्या खुणांकडे, एक पाऊल आणि दोन भोकं, एक पाऊल आणि दोन भोकं.

"तू भायर इलंस," तो म्हणाला.

महेशनं कॉलर सोडली. तो मागे वळून घराकडे बघायला लागला, जणू ते एवढं लांब कधी गेलं हेच त्याला कळेना.

आम्ही त्याला दोन्हीकडून धरून घरी आणला. म्हणजे लाईनमननं धरला. मला महेशनं धरला होता. बायको दारात उभी होती, फेकलेली फळी तिनं पाहिली होती. तिनं टॉवेल आणले.

अंग पुसून लाईनमननं धाकटा हातात घेतला. उलटा केला. त्या टाचणीएवढ्या भोकाच्या कडेला ओरखडा होता आणि मुंगीचा पाय चिकटलेला. त्यानं तो नखानं काढला. मग त्याची नजर माजघराच्या खांबावर गेली, गळावर. मग माझ्यावर. मी छताकडे बघितलं.

"विजेन सगळा पुसून टाकल्यान, तांडेला," तो महेशला म्हणाला. "शिकवलेला सगळा इसारलो हो. बस, परत शिकवया तेका."

दोघं शेजारी बसले. हा सांगत होता, तो टाइप करत होता. मी दारात उभा होतो, कोणी मला जा म्हणालं नाही. आभाळ निवळल्यावर, पावणेसहाला, लाईन आली. तिकडचे तिघं शिव्या घालत वाट बघत होते. महेश त्यांना म्हणाला, "अजून थांबा. आमचा एक माणूस सायकलवर आहे."

चपला घालताना लाईनमन माझ्याजवळ आला. हळू बोलला. "तात्यानू, मुंग्यांक हळद घालूची. गळ नको."

बस. नंतर कधी एका शब्दानं नाही, नजरेनं नाही. तो सामना ते हरले, कारण लाईनमन पहिल्याच मिनिटात मेला. 

दिवाळीनंतर महेश नकली पायाचं माप द्यायला गेला. लाईनमनाबरोबरच गेला. मी विहिरीवरच्या फळ्या काढल्या, मग आठ दिवसांनी परत घातल्या, मग काढल्या.

मला त्याला सांगायचं होतं. त्याला ठाऊक होतं हे मला ठाऊक होतं, तरी तोंडानं सांगायचं होतं. एकदा बांगडे घेऊन त्याच्या खोलीवर गेलो. तो खेळत होता. "बसा तात्यानू, लाईन तपासतंय." मी बसलो. पिशवीतून पाणी गळून त्याच्या फरशीवर थारोळं झालं. अर्धा तास वाट बघून मी पिशवी दाराला अडकवली आणि निघून आलो. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. माणूस तोंडासमोर आहे तोवर पुढची खेप असतेच असं वाटतं.

पुढच्या वर्षी चतुर्थीच्या सुट्टीत तो पिंगुळीला गेला आणि तिकडेच गेला. खांबावरून पडून नाही, विजेनं नाही. आरती झाली, बसला, प्रसाद हातात घेतला, आणि कलंडला. छातीनं नेला. मी त्याच्यासाठी आभाळाचं भय धरून बसलो होतो आणि ते घरातून आलं.

महेश एकटा एस्टीनं पिंगुळीला जाऊन आला. नव्या पायानं त्याचा पहिलाच लांबचा प्रवास. संध्याकाळी परत येईपर्यंत मी थांब्यावर उभा होतो, आलेल्या चार गाड्या मोजल्या. पाचवीतून तो उतरला. माझ्याशी बोलला नाही. आम्ही चालत घरी आलो, मी त्याच्या पावलाला पाऊल लावून.

मग पंधरा दिवस आतल्या खोलीत शांतता. तुम्हाला आता ठाऊक आहे ती शांतता म्हणजे काय. मी रोज दाराला कान लावला. सोळाव्या दिवशी पाचच्या सुमाराला मी दार ढकललं. तो पडद्यापुढे बसला होता, कानाला यंत्र, पण खेळत नव्हता. पडद्याच्या कडेला नावं होती, इंग्रजीत, मला वाचता येत नाहीत. चार हिरवी होती, एक राखाडी.

"ता लाईनमनाचां?" मी विचारलं.

"व्हय. हे म्हणतत, काढून टाकूया, नवो पाचवो घेवया."

मी तिथेच सांगून टाकलं. मुंग्या, गळ, ते टिचकन, फोनवरचं खोटं, आणि पडवीत उभं राहून न मारलेली हाक. एवढं लांब मी माझ्या मुलाशी आयुष्यात बोललो नव्हतो. तो पडद्याकडेच बघत होता. मला वाटलं, गेला हा. आता हा भिंतीकडे वळतो आणि ह्या वेळी त्याला बाहेर काढायला खांबावर कोणी नाही.

 तिकडून कानातल्या यंत्रात कोणीतरी बारीक आवाजात काहीतरी विचारत होतं.

महेशनं यंत्र कानावर नीट बसवलं. "नवा कोणी नको," तो त्यांना म्हणाला. "त्याचं नाव राहू दे. आपण चौघंच खेळूया. हरलो तर हरलो."

मग मला, माझ्याकडे न बघता: "बाबा, दार लावू नकात. वारो येता."

मी दार लावलं नाही. तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. पाच जणांविरुद्ध चौघं, ते तासभर खेळले आणि हरले.